शिंगणापूरचं डोकं

गाडीच्या स्टीअरिंगमागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की बहुतेक माणसं मेकॅनिककडे जाऊन "हा दिवा घालवा" असं सांगतात. काष्टीच्या तात्यांपुढे हे वाक्य कोणी उच्चारलं, की ते स्टुलावरून उठत, त्या माणसाच्या तोंडावर आपला हात दाबून धरत आणि विचारत, "आता तुमचा आवाज बंद झाला. तुमचं दुखणं गेलं का?"

हात ग्रीसचा असे. त्यामुळे एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा ते वाक्य म्हणत नसे.

"दिवा म्हंजी तक्रार हाय," ते सांगत. "निकाल न्हाई. तक्रारीला उत्तर द्यायचं असतं." कोपऱ्यावरचा दुसरा मेकॅनिक बॅटरीची वायर काढून पुन्हा लावायचा आणि दिवा विझवून द्यायचा. तात्या त्याला उशीवाला म्हणत. कारण विचारलं तर म्हणत, "आजारी मानूस कण्हतंय म्हनून त्याच्या तोंडावर उशी ठिवतो, म्हनून उशीवाला."

तात्यांचं दुकान दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. आधी ते टीव्ही दुरुस्त करायचे आणि लग्नसराईत लाउडस्पीकर लावायचे. मग टीव्ही भिंतीला चिकटले, दुरुस्तीला यायचे थांबले, आणि त्याच सुमारास गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले. तात्यांनी एक स्कॅनर आणला. तो ते जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, खणात गुंडाळून ठेवत. दुकानावर पाटी रंगवली: 'गाडीच्या डोक्याचे डॉक्टर'. खाली बारीक अक्षरात: 'गाडीबरोबर माणसेही आणावीत'.

इंजिनच्या कॉम्प्युटरला ते डोकंच म्हणत. मेलेल्या गाड्यांची डोकी त्यांनी दुकानाच्या आढ्याला सुतळीनं टांगली होती, बियाण्याची कणसं टांगतात तशी. प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटनं गावाचं नाव होतं. पारनेर, राशीन, जामखेड, बेलवंडी. वारा आला की तालुकेच्या तालुके एकमेकांवर आपटायचे.

मी कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला आहे. भरलेली गाडी किती, रिकामी किती, मधला ऊस किती, एवढंच मी आयुष्यभर पाहत आलो. यंत्रानं दाखवलेला आकडा कोणी मनाप्रमाणे वाचला की मला ते सहन होत नाही. तात्या नेमका तोच धंदा करायचे. तरी मी त्यांच्याकडे जात राहिलो, कारण त्यांनी दुरुस्त केलेली गाडी पुन्हा त्याच कारणासाठी बंद पडलेली मी पाहिली नाही.

एकदा मी तिथे बसलो असताना रस्त्याचे एक कंत्राटदार मोठी गाडी घेऊन आले. तात्यांनी स्कॅनर जोडला. स्क्रीनवर एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे उमटले. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, म्हणजे आता स्क्रीन आपल्याला दिसत नाही याची पक्की व्यवस्था केली, आणि कोर्टातल्या शिरस्तेदाराच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"मालक डावा पाय क्लचवर ठिवून गाडी चालवतात."

कंत्राटदारांनी डावा पाय मागे घेतला.

"चढाला ब्रेक लावायच्या ऐवजी क्लचवरच गाडी धरतात. फोनवर बोलत बसतात." तात्यांनी स्क्रीनला नाक लावलं. "आन फोन घरचा नसतो."

कंत्राटदारांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे सगळं त्याच्यात येतं?"

"नव्या गाड्यांत येतं," तात्या म्हणाले. "पुढल्या मॉडेलात तर फोटोबी येनार हाय."

कंत्राटदार चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा मी तात्यांच्या खांद्यावरून स्क्रीन वाचली. हवा मोजणाऱ्या सेन्सरची वायर सैल झाल्याचा कोड होता, बस्स. मी तसं हळूच म्हटलं.

"वायर मी बसवनारच हाय," तात्या म्हणाले. "पर क्लच जळतोय, ते कोन सांगनार? पेडलं बघा. क्लचचं रबर आरशासारखं गुळगुळीत, ब्रेकचं कोरं करकरीत."

"आणि फोन?"

"फोन आल्यावर मानूस गाडीपास्नं किती लांब जातोय, त्यावरनं कळतं."

नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं होतं, त्यांच्या गाडीचा कोड तात्यांनी असा वाचला: "डाव्या सीटकडनं येनारा सिग्नल इंजिनापत्तुर पोचत न्हाई." त्यावर ती मुलगी नवऱ्याकडे वळून म्हणाली, "महिनाभर सांगतेय मी, चूं चूं आवाज येतोय म्हणून! ऐकलं का एकदा तरी?" बेल्ट फाटायला आला होता. बेल्ट बदलून निघताना ती तात्यांच्या पाया पडली आणि नवऱ्यालाही पडायला लावलं.

म्हणूनच पाटीवर माणसं आणायची अट होती. तात्या म्हणत, "चालवनारा खोटं बोलतो. शेजारी बसनारा न्हाई बोलत." गाडी जुनी आणि दुखणं अवघड असेल तर ते घरातली सगळी माणसं बोलवत. आधी चहा व्हायचा, मग चौकशी, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी.

"तात्या, आकडा एक आणि वाचन दुसरंच, हे बरोबर नाही," असं मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं.

"काटेवाले," ते म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारत. "तुमच्या काट्यावर उसाचं वजन कळतं. ऊस कुनी तोडला, कवा तोडला, गाडीवान वाटंत कुठं झोपला, ते कळतं का? मला कळतं. उगी कशाला जळता?"

त्यांची आणखी एक सवय मला मुळीच मानवत नसे. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलांचे सौदे अजूनही कधीकधी रुमालाखाली होतात. दोघं हात मिळवतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. तात्यांनी ही पद्धत दुकानात आणली होती. रुमालाऐवजी हात पुसायचा टॉवेल होता आणि त्याचा मूळ रंग कोणालाच आठवत नव्हता. माझा जन्म लाल अक्षरात उघडा दिसणाऱ्या आकड्यांपुढे गेला. पहिल्यांदा त्यांनी टॉवेलाखाली माझी बोटं दाबली तेव्हा मी मोठ्यानं विचारलं, "तीनशे की तीन हजार?" दुकानात बसलेले सगळे इतके हसले की एकाच्या बशीतला चहा सांडला. त्यानंतर माझं बिल तात्या तोंडानं सांगत. "काटेवाल्यांसाठी उघडा बाजार!"

आता माझ्या गाडीबद्दल सांगतो. ती मी नवी घेतली तेव्हा सगळ्यात साधं मॉडेल घेतलं, एसी नसलेलं. आमच्याकडे काचा खाली केल्या की वर्षातले बरेच महिने निभतात, असा माझा हिशोब होता. उरलेल्या महिन्यांत घरचे माझ्याशी बोलत नाहीत, तेवढं चालतं. गाडी जुनी झाली, कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, पण मी विकली नाही. कारण आई. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. या गाडीची सीट तिच्या कमरेला बरोबर लागते. ती पाठमोरी उभी राहते, टेकते आणि पाय आत घेते. नव्या गाड्यांत ती एक तर खोल जाऊन बसते आणि निघत नाही, नाही तर उंच पायरीपाशीच अडकते. माझी बायको म्हणते, "ही गाडी नाहीच. आत्यांची खुर्ची आहे, खाली चाकं लावलेली."

आणि आईला वर्षातून एकदा त्या खुर्चीतून अकोले तालुक्यातल्या डोंगरात जायचं असतं. तिचं माहेर तिकडे, भंडारदऱ्याच्या बाजूला. पूर्वी भाऊबीजेला मामा एसटीनं काष्टीला यायचा. त्याचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्याचं येणं संपलं आणि आईचं जाणं सुरू झालं. भावाला ओवाळायचं तिनं एकदाही चुकवलेलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही गाडी धुतली. मी इंजिनकडच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर आधी प्लास्टिक बांधलं, पाण्याचा थेंब जाणार नाही असं, आणि धुऊन झाल्यावर सोडलं. आईनं बॉनेट उघडंच ठेवायला लावलं, आतही हळदीकुंकू वाहिलं पाहिजे म्हणून. चाकापाशी नारळ फोडला. मी झेंडूची माळ आणायला आत गेलो, आलो, माळ घातली, पूजा झाली. त्या आठवड्यात घरात खोबऱ्याची चटणी झाली, खोबऱ्याच्या वड्या झाल्या, शेजारी वाटून झाल्या, तरी खोबरं संपेना. हा हिशोब माझ्या तेव्हा लक्षात यायला हवा होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली नाही.

चावी फिरवली की सगळे दिवे लागायचे, इंजिनच्या आकाराचा तो पिवळा दिवा मात्र लागत नव्हता. मला आधी बरंच वाटलं. ट्रॅक्टरला बांधून गाडी तात्यांकडे नेली आणि मी म्हणालो, "एक बरं आहे, तक्रार काही नाही."

"काटेवाले," तात्या म्हणाले, "चावी फिरवल्यावर तो दिवा एकदा लागून विझतो. म्हंजी डोकं सांगतं, मी जागा हाय. इथं तक्रार करनाराच गेलाय." त्यांनी डबा काढून हातात तोलला. "मानसं आना. समदी. विशेष करून शेजारच्या सीटवर बसनारं मानूस."

ते माणूस म्हणजे आई. ती दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसू शकत नव्हती. तिला दुकानापर्यंत आणणार कशी? मी मनात म्हटलं, एवढा तमाशा कशाला, डबाच नवीन घ्यावा. कंपनीकडे चौकशी केली, तर ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला होता. मग पुण्याला जाऊन भंगारबाजारातून तसाच एक डबा आणला. वरचा नंबर मी ताडून पाहिला होता. सगळे आकडे तेच होते.

तात्यांनी तो जोडला. पिवळा दिवा लागला, विझला. इंजिन धडधडलं. मी तात्यांकडे विजयानं पाहायला वळलो आणि वळेपर्यंत ते बंद पडलं. पुन्हा चावी. पुन्हा एक श्वास घेऊन बंद. तात्या ओठ मिटून, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. हसू दाबायची त्यांची ही रीत मला माहीत होती.

"कोड काय म्हणतोय?" मी विचारलं. "खरा सांगा."

"आज खरा न् खोटा एकच हाय. डोकं म्हनतंय, मी या चावीला वळखत न्हाई." मग त्यांनी नीट समजावलं. या गाड्यांच्या चावीत एक बारीकशी चीप असते. गाडीचं डोकं फक्त आपल्याच चावीला ओळखतं. परक्या चावीनं सुरू करायला गेलं की चोर समजून डिझेल तोडतं. पुण्याचं डोकं पुण्यातल्या कुणाच्या तरी चावीची वाट बघत होतं. ते पुसून आपली चावी शिकवायची तर पहिल्या मालकाच्या कागदांवरचा गुप्त नंबर लागतो, आणि तो मालक कोण हे भंगारवाल्यालाही माहीत नव्हतं.

"मग आता?"

तात्यांनी आढ्याकडे पाहिलं. कणसांच्या रांगेत, सगळ्यात आत, एक डबा काळ्या दोऱ्यानं बांधलेला होता. त्यावर लिहिलं होतं: शिंगणापूर.

"ते डोकं तुमच्या गाडीला बसंल," ते म्हणाले. "त्याला कुलूपच न्हाई."

त्या डब्याची कथा त्यांनी मला तेव्हा सांगितली. शनिशिंगणापूरच्या एका दुकानदारानं माझ्यासारखीच गाडी घेतली होती, पण वरचं मॉडेल, एसीवालं. चावीतल्या चीपची गोष्ट त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना कळली आणि त्यांनी अन्नपाणी सोडलं. घराला दार नाही, दुकानाला दार नाही, आणि गाडीच्या डोक्यात कुलूप? देवाला काय वाटेल? दुकानदार गाडी घेऊन तात्यांकडे आला. तात्यांनी दोन डबे जाळले, तिसऱ्याच्या आतली ती ओळख पटवायची भानगडच काढून टाकली. आता ते डोकं कुठल्याही चावीला हो म्हणायचं. म्हातारबुवा जेवले. पुढे त्या गाडीवर वादळात लिंबाचं झाड पडलं, गाडी भंगारात गेली. डोकं तात्यांनी मागून घेतलं.

"काढा की मग," मी म्हटलं. "भाऊबीज आली."

"आधीचं डोकं कशानं गेलं ते कळल्याबिगर दुसरं द्यायचं न्हाई," तात्या म्हणाले. "त्येबी मारून आनशीला. असलं दुसरं माज्याकडं न्हाई आन पुन्यांदा करायला डोळं न्हाईत. मानसं आना."

घरी आलो तर आई ओट्यावर बसून मामासाठी करदोटा गुंफत होती. तिनं विचारलं, "काय म्हनला त्यो?" मी म्हटलं, "तुला बोलावलंय." तिच्या हातातला करदोटा खाली पडला. "मला? मी काय केलं?" असं ती इतक्या जोरात म्हणाली की बायको आतून बाहेर आली.

शेवटी शेजारच्यांच्या कांदे वाहायच्या टेम्पोत प्लास्टिकची खुर्ची दोरानं बांधली, फळी लावून चौघांनी आईला वर चढवलं, आणि शनिवारच्या भर बाजारातून आमची मिरवणूक निघाली. बायको एका बाजूला खुर्ची धरून उभी, मी दुसऱ्या. एकानं रस्त्यातून ओरडून विचारलं, "काय ओ, म्हातारी इकायला आनली का?" आईनं तिथूनच उत्तर दिलं, "तुज्या बापाला परवडायची न्हाई!"

तिचा आवाज तसा खणखणीत होता. दुकानापाशी आल्यावर मात्र ती एकदम गप्प झाली.

तात्यांनी तिला टेम्पोतच बसू दिलं, चहा वर दिला. मग सगळ्यांसमोर जुन्या डब्याचे स्क्रू काढले. आतल्या हिरव्या पाटीवर पांढरट डाग पडले होते. तात्यांनी नाक लावलं. पुन्हा लावलं. मग, देवाशपथ सांगतो, जीभ लावली. त्यांनी डोळे मिटले. उघडले ते सरळ आईकडे. आई आढ्यावरचे तालुके वाचत होती. तिला वाचता येत नाही.

"काय झालंय?" मी विचारलं.

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी ते पाहिलं, आणि तरीही मला कळलं नाही.

"ओलावा," ते म्हणाले. "हवेतला. तुमी कालव्याच्या कडंला ऱ्हाता न्हवं?"

"तात्या, कालवा दीड किलोमीटरवर आहे. आणि कोरडा आहे."

"लई ओलावा असतो," आई एकदम म्हणाली. "माजं गुडघं उगंच गेल्यात व्हय?"

"ऐका," तात्या म्हणाले. "मावशींना कळतं. पर ओलावा किती हुता, त्ये नक्की झाल्याबिगर डोकं द्यायचं न्हाई. आता सौदा मावशीसंगं." त्यांनी तो टॉवेल खांद्यावरून काढला.

मी म्हणालो, "तिला काय कळतंय त्यातलं?" त्यावर आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मागे सरलो. तिचे वडील राजूरच्या बाजारात बैल विकायचे, हे मी विसरलो होतो. तिनं पदर सारखा केला आणि हात पुढे केला. टॉवेल पडला. तात्या टेम्पोच्या फाळक्यावर वाकून तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. आईचा चेहरा दगडासारखा. टॉवेल जरासा हलला.

तात्यांच्या भुवया वर गेल्या. "आगं आयाया!" ते मोठ्यानं म्हणाले. "मावशी, लई झालं हो!"

"झालं ते झालं," आई म्हणाली. "आता काय मागं घ्यायचं हाय का?"

"तसं न्हाई. पर एवढं?"

"म्या मनापास्नं केलं."

बघ्यांनी माना डोलावल्या. म्हातारीनं भाव पाडला, असं त्यांचं मत दिसलं. माझंही तेच झालं. तात्यांनी आत जाऊन बांबूच्या काठीनं काळा दोरा उचकटला आणि शिंगणापूर खाली आलं.

"किती ठरले?" मी विचारलं.

"अकोल्याचा नवा तांदूळ," तात्या म्हणाले. "येताना एक पिशवी आना. बाकीचं मावशीचं न् माजं."

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली आणि सुरूच राहिली. आईनं टेम्पोतून टाळ्या वाजवल्या. मग पिवळा दिवा लागला आणि विझेना.

तात्यांनी स्कॅनर लावला, या खेपेला चष्म्यातून पाहिलं आणि हसायला लागले. "काटेवाले, हे एसीवाल्या गाडीचं डोकं हाय. थंड हवेचा गॅस कुठं हाय म्हनून इचारतंय. तुमच्या गाडीत एसीच न्हाई. त्याला उकडतंय."

"मलापण," बायको म्हणाली. "इतकी वर्षं. माझा दिवा कुणी बघितला नाही."

आईनं कपाळावरची टिकली काढून दिली. "ही लाव त्या दिव्यावर. डोळा वटारल्यावानी बघतोय."

"टिकली नको मावशी," तात्या म्हणाले. "ती उशीच झाली. तक्रार हाय, उत्तर देऊ." त्यांनी पत्र्याच्या डबीतून मिरीएवढा एक तुकडा काढला, दोन तारांचा, आणि एसीच्या गॅसचा सेन्सर जिथे लागला असता त्या तारांमध्ये डाग देऊन बसवला. हा तुकडा डोक्याला सांगणार, की एसी आहे, गॅस आहे, सगळं ठीक आहे. दिवा गेला.

मला ते पटलं नाही. मी म्हणालो, "तात्या, हे खोटं सांगणं झालं."

"घरी पाव्हना आला, 'समदं बरं हाय ना' म्हनला, तर तुमी काय सांगता? बायकू उकडून बोलत न्हाई म्हनून सांगता का?"

मग मी दुसरी शंका काढली. आता कोणीही साधी चावी घडवून माझी गाडी नेऊ शकतो. मी गाडी कुलूप लावून परत मागे येऊन दाराचं हँडल ओढून बघणारा माणूस आहे.

"कुलूप गाडीच्या डोक्यातनं काढलंय," तात्या म्हणाले. "तुमच्या डोक्यात हाय त्ये पुरंसं हाय. आन चोरानं नेलीच, तर शनिदेव बघून घेईल. ते डोकं त्याच्या गावचं हाय."

भाऊबीजेला आम्ही संगमनेरवरून अकोल्याला गेलो. काचा खाली होत्या. घाटात एका वळणावर आईनं डॅशबोर्डवर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. मामा खाटेवर उशीला टेकून वाट बघत होता. त्याला ओवाळताना आई म्हणाली, "टेम्पोत बसून आले असते, पर आले असते." येताना तांदळाची पिशवी मी कारखान्याच्या छोट्या काट्यावर ठेवून पाहिली आणि तात्यांना पोचवली. वजन किती भरलं ते सांगायला लागलो, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात धरला.

तात्यांचे डोळे पुढे फारच गेले. मुलीनं त्यांना तिच्याकडे नेलं. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आढ्यावरचे तालुके कुठे गेले, कोणाला माहीत नाही. शिंगणापूर मात्र माझ्या बॉनेटखाली आहे आणि अजून कोणी चोरलेलं नाही. मी हँडल ओढून बघतोच.

या दसऱ्याला गाडी धुतल्यावर मी आईला बजावलं, "एकच नारळ आणलाय. चाकापाशी फोड. आत काही शिंपडू नकोस. ओलावा चालत नाही तिला."

आई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं, ते पिऊन ती पुन्हा हसली. "ओलावा! काय पर शोधून काढलं हुतं मेल्यानं!"

मी तिच्याकडे बघत राहिलो. मग विचारलं, "आई, त्या दिवशी टॉवेलाखाली भाव किती ठरला होता?"

"भाव कशाचा आलाय? त्यानं कानाशी येऊन इचारलं, 'मावशी, चाकापाशी फोडला त्यो सोडून, डोक्यावर किती नारळ वतलं?' "

"डोक्यावर?"

"गाडी लई तापायची रं. म्हनलं, तिचं डोकं थंड ऱ्हाऊ दे. तू माळ आनायला गेल्तास. तू त्या प्लास्टिकाची एवढी काळजी करत हुतास, आन तुजी बायकू म्हनत हुती गाडी इकून टाका. सांगितलं असतं तर तुमी दोघांनी मला भावाकडं सोडलं असतं व्हय?"

"मग तू काय सांगितलंस त्यांना?"

आईनं आजूबाजूला पाहिलं. बायको आत होती. आईनं माझा हात ओढून पदराखाली घेतला आणि बोटं दाबली.

दोन.

खोबऱ्याच्या वड्यांचा हिशोब तेव्हा जुळला.